वीतभर खळं

आभाळाकडे मूठ उगारून उभा असलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला वाटलं, याचं देवाशी काहीतरी बिनसलं आहे. खडोलीच्या ज्या सुताच्या कारखान्यात मी नुकतीच लागले होते, त्याच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीखाली, चारच्या चहाच्या सुट्टीत तो एकटाच उभा होता. हात सरळ ताणलेला, मूठ घट्ट, एक डोळा मिटलेला. मग मूठ सोडून त्याने तीन बोटं धरली. मग नुसती करंगळी. मला हसू फुटलं. शाळेत अशी करंगळी वर करून आम्ही बाईंकडे वेगळ्याच कामाची परवानगी मागायचो.

"काका, लागली असेल तर जा ना. देव थोडीच नाही म्हणणार आहे?" मी म्हणाले. कारखान्यात नवी होते, पण तोंडाने मी कुठेच नवी नसते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तीन बोटांत बसला," ते म्हणाले. "म्हणजे मधल्या मजल्यावरचा. मध्यराशी. चहा पिऊन घे गो पोरी, सहा मिनटं राहिली."

मी शिरपूरकडची. आमच्याकडे ढगाला दोनच जाती, येणारा आणि जाणारा. येणारा असला तर अंगणातली मिरची आत घ्यायची, जाणारा असला तर त्याच्या नावाने बोटं मोडायची. त्यामुळे ढगाला मजला असतो आणि तो बोटांवर मोजता येतो, हे ऐकून मी चहा तसाच ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पुढे कितीतरी वर्षं मी तिथेच उभी राहणार होते.

काका डहाणूकडचे. पन्नाशीच्या पुढचे, अंगाने सुतासारखेच, खिशाला कायम एक काळा मार्कर. आम्ही दोघं ग्रेडिंगच्या खोलीत. मशीनवर सूत पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून बाहेर येतं, त्याला आम्ही बॉबिन म्हणतो. ते बॉबिन हातात घेऊन फिरवायचं, डाग बघायचा, तुटका तंतू बघायचा आणि ए, बी, सी असा शिक्का मारायचा. खोलीला खिडकी नाही. अर्धी खोली काळ्या पडद्याने झाकलेली, तिथे जांभळा दिवा. त्या दिव्याखाली दुसऱ्या लॉटचं सूत मिसळलं असेल तर वेगळं चमकतं. काका तासन्‌तास त्या अंधारात बसायचे आणि जो तंतू मला उजेडात, नाकाला लावूनही दिसायचा नाही, तो त्यांना तिथून दिसायचा. "ए नाही, बी. कडेला बघ, केस उभा हाय." मी बघायची. केस उभा असायचा. त्या डोळ्यांवर त्यांचं घर चालत होतं आणि खरं सांगायचं तर आमच्या खोलीची अब्रूही चालत होती. त्या डोळ्यांचं पुढे जे झालं त्यात माझा वाटा आहे. तो सांगायचा म्हणूनच हे लिहायला घेतलं, नाहीतर त्यांच्या गमतीजमती मी इथे कारखान्यातल्या बायकांना तोंडी सांगून पुष्कळ हसवलं आहे.

त्यांचं म्हणणं असं, की आभाळ तीन मजली इमारत आहे. वरच्या मजल्यावर हडकुळे, थंड, कोणाच्या अध्यात ना मध्यात असे ढग राहतात. ते तंतुमेघ. मधल्या मजल्यावर कळपाने राहणारे. तळमजल्यावर भरल्या पोटाचे, पांढरेशुभ्र, खालून सपाट कापलेले राशिमेघ, आणि धुक्यासारखे अंथरूण पसरून पडलेले स्तरमेघ. आणि एक भाडेकरू असा, की पाय तळमजल्यावर आणि डोकं गच्चीच्या बाहेर. तो गर्जन्मेघ. "त्याच्याशी भांडायचं नाय," काका सांगायचे, "तो सगळ्या बिल्डिंगची लाईट घालवतो."

"आणि बाकीचे?" मी विचारायची.

"बाकीचे ह्यांचीच सोयरीक. तंतू, राशी, स्तर आणि वर्षा. चार शब्द, बस. एकाला एक जोड, मधल्या मजल्यावरच्याला पुढे मध्य लाव, दहा ढग तयार. सगळं आभाळ चार शब्दांत बसतं ने!" हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद असायचा, जसं काही हे दहाही ढग त्यांनीच आमच्या मशीनवर काढले होते.

मूठ, बोटं आणि करंगळी हे त्यांचं माप. लहान लहान गोळ्यांचं आभाळ असेल तर हात ताणून त्यावर करंगळी धरायची. गोळा करंगळीआड लपला तर तो वरचा, तंतुराशी. तीन बोटं लागली तर मधला. मूठ लागली तर खालचा, स्तरराशी. आणि सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती खळं पडलं तर तो तंतुस्तर, वरच्या मजल्यावरचा पातळ पडदा. पण खळ्यालाही माप आहे. सूर्य टाकीच्या कडेआड घ्यायचा, उघड्या डोळ्याने बघायचा नाही, हात ताणून अंगठा सूर्यावर ठेवायचा आणि वीत उघडायची. करंगळी बरोबर खळ्यावर पडली पाहिजे. "वीत म्हणजे वीत," ते म्हणायचे. "कमी नाय, जास्ती नाय. तुझी वीत लहान, पण तुझा हातही लहान. हिशोब बरोबर येतो. देवाने प्रत्येकाला आपापलं माप दिलंय."

आमच्याकडे खळं पडलं की म्हाताऱ्या पावसाचं बोलायला लागतात, वीत कोणी लावत नाही.

हे सगळं ते शिकले एका भंगारातल्या तक्त्यावरून. स्वतः सातवी पास. कुठल्याशा शाळेने जुने तक्ते काढून टाकले होते, ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर उलटे पडलेले होते, आणि काका सायकलवरून उतरले. तक्ता छान होता, फक्त खालचा पट्टा वाळवीने खाल्ला होता. तळमजला जवळजवळ गेलेला. गर्जन्मेघाचं डोकं होतं, पाय नव्हते. काकांना झोप येईना. आभाळात सात ढग सापडत होते आणि तीन बेपत्ता होते. डोकमर्डीत, त्यांच्याच वस्तीत, भूगोल शिकवणाऱ्या एक रत्नागिरीच्या बाई राहतात असं कळलं, तसे हे भाजीच्या गाडीवर त्यांच्यासमोर जाऊन उभे. ना ओळख ना पाळख. "बाई, खालचे तीन कोण?"

बाईंच्या हातात भेंडी. त्या म्हणाल्या, "खालच्या तिघांचं मला ठाऊक नाही हो, मी दुसऱ्या मजल्यावर राहते."

गैरसमज मिटल्यावर बाईंनी भेंडीच्या पिशवीवर तीन नावं लिहून दिली. ती पिशवी काकांनी तक्त्याच्या खाली चिकटवली होती. मी पाहिली आहे. तक्ता त्यांच्या खोलीत, देवांच्या शेजारी होता, आणि काकू उदबत्ती ओवाळताना एक गिरकी त्यालाही द्यायच्या.

काकूंचा राग तक्त्यावर नव्हता, नळ्यांवर होता. कारखान्यात ज्या पुठ्ठ्याच्या नळ्या चेपतात त्या टाकून देतात. काका विचारून त्या घरी न्यायचे. एका नळीवर एक आठवडा. सात ओळी, प्रत्येक ओळीत वार, वेळ, ढगाचं नाव आणि शेवटी 'पाहणारा' म्हणून स्वतःचं नाव. अक्षर टपोरं, मार्करचं. अशा शेकडो नळ्या खाटेखाली, माळ्यावर, दाराआड. "लोक घरात धान्य भरतात," काकू मला चहा देता देता म्हणायच्या, "ह्यांनी आभाळ भरलंय. आणि एवढं भरून कपडे वाळत घालायचे की नाय ते एक दिवस सांगतील तर शप्पथ." एकदा त्यांनी एका जुन्या पावसाळ्याच्या नळीत लाटणं खोचून ठेवलं होतं. काका ते बघून दोन दिवस जेवताना बोलले नाहीत म्हणे.

त्या नळ्यांचा एक नियम होता. खात्री बाहेर, शंका आत. जे डोळ्यांनी पक्कं पाहिलं ते नळीच्या अंगावर लिहायचं. जे पटलं नाही, जुळलं नाही, ते पेन्सिलने नळीच्या आतल्या कडेला, बारीक अक्षरात. आत लिहिलेलं वाचायचं तर नळी दुर्बिणीसारखी डोळ्याला लावावी लागे. बहुतेक नळ्या आतून कोऱ्याच होत्या. काकांना शंका फार येत नसत.

भविष्य मात्र ते कधी सांगत नसत. लोक विचारायला यायचे. एका सुपरवायझरच्या मुलीचं लग्न होतं, मांडव उघड्यावर, तो हातातलं काम टाकून आला. "चाचा, बारिश आयेगी क्या? सच बोलो." काका बाहेर गेले, हात ताणला, परत आले. "मध्यस्तर. सूर्य घासलेल्या काचेतून दिसल्यासारखा. सावली पडत नाही," एवढं सांगून बॉबिन फिरवायला बसले. सुपरवायझर बराच वेळ उभा राहिला आणि मग निघून गेला. मी म्हटलं, काका, सांगायचं की काहीतरी. ते म्हणाले, "नाव सांगणं माझं काम. पुढचं त्याचं तो बघेल. माणसाचं नाव विचारल्यावर तू त्याची कुंडली सांगतेस का?"

चिमणीच्या धुराशी मात्र त्यांचं जमत नव्हतं. आमच्या भागात सकाळी हवा थंड असली की चिमण्यांच्या वर पांढरा गोळा तयार होतो, आणि तो हुबेहूब राशिमेघासारखा दिसतो. मी मुद्दाम दाखवायची, "काका, राशी!" ते तोंड फिरवायचे. "त्याला आईबाप नाय. नळीवर घ्यायचा नाय." मग एक दिवस त्याच रत्नागिरीच्या बाईंनी मोबाइलवर वाचून त्यांना सांगितलं, की जगातल्या ढगांच्या मोठ्या पुस्तकात आता अशा ढगांनाही जागा दिली आहे. माणसाच्या उद्योगातून जन्मलेला, अशा अर्थाची शेपटी त्यांच्या नावाला लावतात. काका दुसऱ्या दिवशी कामावर आले ते हरवल्यासारखेच. चार वाजता ते टाकीखाली न जाता पुढच्या फाटकाशी गेले आणि चिमणीवरच्या त्या गोळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "इतकी वर्षं ह्याला परका म्हटलं," ते म्हणाले. "घरचाच निघाला." मला का कोण जाणे, त्या वेळी भरून आलं. आम्ही सगळेच इथे कुठून कुठून आलेलो.

ग्रेडिंगच्या खोलीला खिडकी नव्हती तरी काकांना आभाळ कळायचं. वर पत्रा होता. उन्हाने तापलेल्या पत्र्यावरून ढगाची सावली सरकली की पत्रा थंडावतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टिकटिक वाजत जातो. काका बॉबिन हातात धरून थांबायचे, मान थोडी वर. "गेला," ते हळूच म्हणायचे. "राशी. लहान. दमणगंगेकडे चाललाय." मग पत्रा पुन्हा तापायचा आणि उलटा वाजत यायचा. मशीनचा आवाज भिंतीपलीकडे एकसारखा चालू असायचा, जांभळ्या दिव्यात काकांचे हात तेवढे चमकायचे, आणि मला वाटायचं, आपण कुठल्या तरी तळ्याच्या बुडाशी बसलो आहोत आणि वरून होड्या जात आहेत. अशा दुपारी मी किती बॉबिनांना उगाच ए दिला असेल, देव जाणे.

आता माझं सांगते.

सुरुवातीच्या दिवसांत मला काहीच दिसायचं नाही. ते म्हणायचे, "कडेला तंतू सुटलेत, दिसतात ने?" मी म्हणायची, हो. "खालून राखाडी झालाय, दिसतं ने?" हो. शाळेत 'समजलं का?' विचारल्यावर सगळा वर्ग जसा हो म्हणतो, तसं माझं हो. पुढे खरंच दिसायला लागलं, पण ती हो म्हणायची सवय राहून गेली. काकांना माझ्या डोळ्यांचं फार कौतुक. सगळ्यांना सांगायचे, "ही शिरपूरची पोरगी माझ्यापेक्षा चांगली बघते." त्या कौतुकाची मला गोडी लागली होती, हेही कबूल करते.

पावसाळा संपून थंडी सुरू व्हायच्या बेताला आमच्याकडे आभाळ कोरं होतं. निळं, घासून पुसून ठेवलेल्या ताटासारखं. काकांना असे दिवस आवडायचे नाहीत. नळीवर 'निरभ्र' लिहिताना त्यांचं तोंड आंबट व्हायचं. अशाच एका चार वाजता त्यांनी सूर्य टाकीआड घेतला, हात ताणला आणि म्हणाले, "तंतुस्तर. खळं पडलंय."

मी वर पाहिलं. निळं होतं. पडदा नाही, खळं नाही, एक सूतसुद्धा नाही. मला वाटलं, वरच्या मजल्यावरचा इतका पातळ असेल की मलाच दिसत नसेल.

दुसऱ्या दिवशी खळं. तिसऱ्या दिवशी खळं. आठवडाभर नळीवर एकच नाव. चहा आणणारे, पॅकिंगवाले हसायला लागले. "चाचा को अब सूखे में भी बादल दिखता है." मी त्यांच्यावर ओरडले, पण रात्रीचं पांघरूण घेताना मीही विचार करत होते. संध्याकाळी सुटताना फाटकावरचे दिवे लागलेले असायचे. काका दिव्याकडे बघत थबकायचे, डोळे चोळायचे. डोकं दुखतं म्हणायचे. मी पाहत होते. मला काही कळत नव्हतं असं नाही. आमच्या कामात डोळा गेला की माणूस गेला, हे त्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि म्हणूनच ते बोलायला माझी जीभ उचलेना. बोललं की खरं होईल, अशी भीती.

मग त्यांनी एकदा विचारलं. दहा-अकरा दिवस झाले असतील. टाकीखाली आम्ही दोघंच होतो. हात खाली घेऊन ते माझ्याकडे वळले आणि नेहमीपेक्षा हळू म्हणाले, "पोरी, खळं दिसतं ने?"

वर निळं आभाळ होतं.

"हो काका," मी म्हणाले. "दिसतं."

त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी खिशातून मार्कर काढला आणि लिहिलं.

बावीस दिवस खळं पडलं. तेविसाव्या दिवशी माल परत आला. काकांच्या शिक्क्याचे बॉबिन, ए ग्रेड, आणि कडेला तंतू उभे, आंधळ्यालाही हाताने कळतील असे. सुपरवायझर, तोच लग्नवाला, ते टेबलावर ठेवून नुसता उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. काकांनी एक बॉबिन उचलून त्यावर बोट फिरवलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मग खाली ठेवलं आणि म्हणाले, "माझाच शिक्का हाय."

दवाखान्यात मी आणि काकू गेलो बरोबर. काचबिंदू. डोळ्यात दाब वाढतो, तेव्हा दिव्याभोवती, सूर्याभोवती रंगीत कडं दिसतं, डॉक्टर म्हणाले. तासन्‌तास अंधारात बसणं अशा डोळ्यांना वाईट. औषधं, लेसर, सगळं केलं. डाव्या डोळ्याचं फार काही राहिलं नाही, उजव्यात मधला तुकडा तेवढा उरला, तोही धुरकट. गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टर चांगले होते, आवाज न चढवता बोलत होते. "सुरुवातीलाच आले असते तर बरीच वाचली असती. दोन आठवडे आधीसुद्धा." काकू माझा हात धरून बसल्या होत्या. मी तो सोडवून घेतला आणि बाहेर जाऊन पाणी प्याले. तहान नव्हती.

काकांनी नोकरी सोडली नाही, नोकरीनेच त्यांना घरी पाठवलं. महिनाभराने मी डोकमर्डीला गेले तर ते खाटेवर बसलेले, पाठ सरळ, चेहरा खिडकीकडे. म्हणाले, "एक काम कर. त्या बावीस दिवसांच्या नळ्या काढ आणि फेकून दे. जे नव्हतं ते माझ्या घरात नको."

खाटेखाली वाकून मी चार नळ्या काढल्या. अक्षर तेच, टपोरं. तंतुस्तर, खळं, पाहणारा. तंतुस्तर, खळं, पाहणारा. फेकायला उठले आणि काय वाटलं, पहिली नळी डोळ्याला लावली. आत पेन्सिल होती. इतकी वर्षं कोऱ्या असलेल्या नळ्यांच्या आत.

पहिल्या नळीत होतं, 'खळं लहान. वितीत बसत नाही.'

दुसऱ्या नळीत, 'खोलीतल्या ट्यूबलाइटभोवतीही खळं. खोलीत ढग नसतो. दवाखाना?'

आणि त्याच्याच खाली, दोन दिवसांनंतरचं, 'पोरीला विचारलं. दिसतं म्हणाली. मग ठीक.'

तिसरी आणि चौथी नळी आतून कोरी होती.

मी तिथेच फरशीवर बसले. काकू स्वयंपाकघरात होत्या, कढईत काहीतरी तडतडत होतं. काकांना माझा चेहरा दिसत नव्हता, पण पत्र्यावरून ढग ओळखणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. "आतलं वाचलंस ने?" त्यांनी विचारलं.

"काका, मला दिसलं नव्हतं. एक दिवसही दिसलं नव्हतं. मी खोटं बोलले." मग मी रडले, ते काही सुंदर रडणं नव्हतं, नाक डोळे एक झाले.

ते रागावले असते तर मी पाय धरले असते, तेही त्यांनी करू दिलं नाही. शेवटी खाकरले. "चूक माझी पण हाय," ते म्हणाले. "दिसतं ने, असं विचारलं की माणूस हो म्हणतो. काय दिसतं, असं विचारायला पायजे होतं. इतकी वर्षं ढग बघितले, विचारायचं कसं ते नाय शिकलो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "त्या नळ्या फेकू नको. आत खरं लिहिलंय. राहू दे."

मला माफ केलं का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. चुकीच्या तऱ्हेने विचारलं असतं.

त्यानंतर चारच्या सुट्टीत टाकीखाली मीच उभी राहते. मोबाइल कानाला, दुसरा हात ताणलेला. नवीन लागलेल्या मुली मला बघून हसतात, हसू देत. काका पलीकडून एकच विचारतात, "काय दिसतं?" नाव मी सांगायचं नाही, तो नियम आहे. मी फक्त सांगते. गोळे आहेत. करंगळीत मावत नाहीत, तीन बोटांत मावतात. मधे निळ्या फटी आहेत. सावली पडते, फिकट. ते ऐकतात, दोन-तीन प्रश्न विचारतात, कडा कशी, पोट कसं, चाललाय कुठे, आणि मग पलीकडे शांतता होते. काकू सांगतात की त्या वेळी ते खिडकीकडे हात ताणून बोटं धरून बघतात. मग नाव येतं. मी नळीवर लिहिते. पाहणारा या जागी माझं नाव लिहायला त्यांनी बजावलं आहे, आणि रविवारी नळ्या घरी नेऊन दिल्या की त्या अक्षरावरून बोट फिरवून तपासतात, जसं काही मार्कर बोटाला वाचता येतो.

कोऱ्या आभाळाच्या दिवशी मी 'काही नाही' म्हणते. मला ते म्हणायला अजून जड जातं.

परवा आभाळ दुधट होतं. पडदा इतका पातळ की आहे की नाही कळेना. मी सूर्य टाकीआड घेतला. खळं होतं. पूर्ण, गोल, आतून तांबूस. मी डोळे मिटले, उघडले. होतंच. फोन कानाला तसाच होता.

"काय दिसतं?" काकांनी विचारलं.

इतक्या दिवसांत हा शब्द मी त्यांच्यापुढे उच्चारला नव्हता.

"पोरी, काय दिसतं?"

"खळं आहे, काका."

पलीकडे काकूंच्या कुकरची शिट्टी झाली.

"सूर्य टाकीआड घेतलास?"

"घेतला."

"वीत लाव."

मी हात ताणला. अंगठा टाकीच्या कडेवर, जिथे सूर्य लपला होता तिथे ठेवला. वीत उघडली. खात्रीसाठी दोनदा लावली. करंगळी बरोबर खळ्यावर पडत होती, कमी नाही, जास्त नाही.

"बसतं, काका. वितीत बसतं."

"दिव्याभोवती हाय का बघ. ऑफिसातला दिवा लागलेला असेल."

मी वळून काचेतून आत पाहिलं. दिवा साधा होता, स्वच्छ, कडं नसलेला. "नाही," मी म्हणाले. "दिव्याभोवती काही नाही. फक्त सूर्याभोवती."

सुट्टी संपल्याची घंटा झाली, मुली आत जायला लागल्या. मी पेन्सिल काढून नळीचं तोंड माझ्याकडे वळवलं होतं.

"तंतुस्तर," काका म्हणाले. मग खाकरले. "बाहेर लिही."

मी पेन्सिल ठेवली आणि मार्कर काढला.